केसाएवढ्या वाटेतला दाब

किस्से कोणी जमवत नाही, ते आपले आपण साठतात. प्रेशर गेजच्या नळीत गाळ साठतो तसेच. प्लांट चालू असतो तोवर कुणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस नळी उघडली की भसकन सगळं बाहेर! परवा पेणला घरतकाकांच्या नातवाच्या बारशाला आम्ही कंपनीतली जुनी मंडळी जमलो, तेव्हा नेमकं तेच झालं. जेवणं आटोपली, पानं झाली, तरी कुणी उठेना. शेवटी काकूंनी आमच्याखालची सतरंजी गोळा करायला घेतली, तेव्हा कुठे आम्ही चपला शोधल्या.

गोष्टी सगळ्या नव्वदच्या दशकातल्या. रोह्याला, धाटावच्या एका केमिकल कंपनीत आमचं खातं होतं. खातं म्हणजे बॉयलरच्या मागची एक खोली आणि चार माणसं. वर सोहोनी साहेब, परदेशात शिकून आलेले. त्यांच्याखाली घरत, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, वयामुळे आणि आवाजामुळे अख्ख्या प्लांटचे काका. मग मी, पेणहून रोज गाडीने येणारा टेक्निशियन. आणि शेवटी विलास म्हात्रे, पेणच्या खाडीकाठचा, वडील मिठागरात. आमच्यात तो एकटाच टेंपररी.

साहेबांनी येताना बॅगेत, पायमोज्यांत गुंडाळून, काडेपेटीएवढ्या काही काचेच्या पट्ट्या आणल्या होत्या. प्रत्येक पट्टीच्या पोटात केसाएवढी बारीक, वळणं घेत जाणारी वाट कोरलेली. जी रिॲक्शन आम्ही मोठ्या टाकीत जीव मुठीत धरून करतो, ती या वाटेत थेंबाथेंबाने करायची, असं त्यांचं म्हणणं. "टाकीत भडका उडाला तर निम्मं रोहा पळेल. केसात उडून उडून किती उडेल?" हे सगळ्यांना पटलं. फक्त एक अडचण होती. त्या वाटेतून औषध, म्हणजे आमच्या भाषेत केमिकल, ढकलताना आत दाब किती होतो, ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. दाब जास्त झाला तर काच तडकणार, कमी पडला तर औषध पुढे सरकणार नाही.

मुंबईच्या डायरेक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती. तेवढ्यात दाब मोजून दाखवला तर खातं राहणार आणि विलास परमनंट होणार. नाही दाखवला तर साहेब मुंबईला, मी आणि काका परत शिफ्टमध्ये, आणि विलास घरी.

* * *

पहिल्याच दिवशी आम्ही स्टोअरला कळवलं, "तुमच्याकडचं सगळ्यात लहान गेज पाठवा." स्टोअरवाल्याने जे पाठवलं त्याचा चेहरा जेवणाच्या ताटाएवढा होता. वर निरोप, "लहान कशाला, मोठं घ्या, नीट दिसेल."

दुसरं काही नव्हतंच, म्हणून तेच पट्टीला जोडलं आणि पंप सुरू केला. पंप थेंबाथेंबाने ढकलणारा. सकाळ गेली. काटा जागचा हलेना आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकातून टिपूसही बाहेर येईना. आम्ही आळीपाळीने पंपाकडे संशयाने बघत होतो. जेवणाच्या सुट्टीला साहेबांनी कपाळावर हात मारला. गेजच्या पोटातली पोकळी त्या केसाच्या वाटेपेक्षा शेकडो पट मोठी. सकाळपासून ढकललेला एकूण एक थेंब गेजनेच गिळला होता.

साहेबांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं की मोजायला गेलं की मोजायची वस्तूच बदलते. काकांनी आमच्यासाठी त्याचं सोपं करून सांगितलं. "पाव्हण्याला इचारलं, भात पुरंल का बघा. पाव्हण्यानं टोपच संपवला आन् सांगितलं, नाय पुरला."

* * *

आता प्लांटमधली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणीही गेज वाचताना आधी त्याच्या काचेवर टिचकी मारतो, मग वाचतो. काटे गंजून अडकलेले असतात, टिचकीने सुटतात. सवय इतकी अंगात मुरलेली की काका घरच्या घड्याळालाही टिचकी मारून वेळ बघत. पेण स्टेशनवरच्या वजनाच्या काट्यालासुद्धा त्यांनी टिचकी मारलेली मी पाहिली आहे.

एके दिवशी साहेबांनी मायक्रोस्कोपखाली पट्टी बसवली, दोन तास खपून सगळं जुळवलं आणि काकांना बोलावलं. "घरत, बघा, काय दिसतं?"

काका वाकले. उजवा हात आपोआप पुढे गेला. टक्! पट्टीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

साहेबांनी पट्टी काढून उजेडात धरली. मग म्हणाले, "घरत, टिचकी का मारली?"

"काटा अडकला आसंल म्हनून, साहेब."

"याला काटाच नाही!"

"म्हनूनच हलत नव्हता," काका म्हणाले.

* * *

आमचं मोजमाप बरोबर आहे की नाही हे ताडून बघायला एखादा ओळखीचा दाब लागतो. त्याची सोपी युक्ती म्हणजे पाणी उंच चढवायचं. इमारतीत तळमजल्याच्या नळाला जोर असतो, तेच. विलासने दवाखान्यातून सलाइनची बाटली आणि लांबलचक नळी आणली. बाटली घेऊन तो पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढला आणि नळीचं खालचं टोक खिडकीतून आमच्या खोलीत घेतलं. समोरच कँटीन.

वरून विलास ओरडला, "साहेब, अजून चढवू का?"

आतून साहेबांचा आवाज, "चढव, अजून सहन होईल!"

जेवणाच्या वेळेपर्यंत कंपनीभर झालं की सोहोनी साहेबांना आत झोपवलंय आणि सलाइन चालू आहे. गेटवरच्या सिक्युरिटीने त्यांची स्कूटर सावलीत नेऊन लावली. प्रॉडक्शन मॅनेजर सामंत शहाळं घेऊन आले आणि साहेबांना टेबलावर चढून नळी बांधताना पाहून दारातूनच परत गेले. कँटीनने साहेबांच्या डब्यात वाटाण्याच्या उसळीऐवजी मऊ भात, तूप आणि मेतकूट पाठवलं.

साहेबांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी भात चाटूनपुसून खाल्ला आणि कँटीनला निरोप पाठवला, "इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा जेवण बरं होतं."

* * *

साहेबांचा देव एकच, शून्य. पंप बंद असेल तर रीडिंग शून्यच आलं पाहिजे. नाही आलं तर पुढचं सगळं खोटं. हे वेड ते कुठेही घेऊन जात. एकदा डोकं दुखतं म्हणून कंपनीच्या दवाखान्यात गेले आणि डोकं विसरून बीपीच्या यंत्राकडे बघत बसले. पट्टा कुणाच्याही दंडाला नव्हता, तरी पारा शून्याच्या वर उभा. साहेबांनी यंत्र काखोटीला मारून आणलं, आम्ही ते साफ केलं, पारा शून्यावर बसवला आणि परत पाठवलं.

पुढच्या आठवड्यात कामगारांची तपासणी होती. त्यात बऱ्याच जणांचं बीपी नाहीसं झालं. आता बीपीवाल्यांना कंपनीत हलकं काम मिळायचं. गेटवर बसायचं, बागेला पाणी घालायचं. ती सगळी मंडळी एका दिवसात रिॲक्टरवर परत.

युनियनचे अध्यक्ष आमच्या खोलीत आले. "साहेब, आमच्या मानसांचं बीपी गेलं."

"अभिनंदन," साहेब म्हणाले.

"आभिनंदन कसलं? जे होतं ते कायद्यानं होतं. डॉक्टरच्या सहीनं होतं. पयल्यासारखं करून द्या."

साहेबांनी त्यांना शून्य म्हणजे काय ते समजावलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाले, "तुमचं शून्य तुमच्या काचंत ठेवा. आमच्या अंगात कशाला घालता?"

साहेब काही बधले नाहीत. त्या उन्हाळ्यात कंपनीची बाग वाळून गेली.

* * *

दर महिन्याला मुंबईला रिपोर्ट जायचा. त्यात एक रकाना होता, 'चॅनेलमधील दाब'. साहेब तिथे दर महिन्याला स्वच्छ अक्षरात लिहीत, 'माहीत नाही'.

सामंत हवालदिल. "अहो, अंदाजे काहीतरी टाका. वर कोण बघतंय?"

"अंदाज तुमचा आहे ना? मग सही तुम्ही करा."

सामंतांनी पेन खिशातून काढलंसुद्धा नाही. माझ्या नोकरीत मी आकडे ठोकून देणारे पुष्कळ पाहिले. पावसाळ्यात छत्री घेऊन कोण जातो म्हणून खोलीत बसून अख्ख्या शिफ्टची रीडिंगं भरणारे पाहिले, आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्यातला एखादा हुशार वाटून कौतुकही केलं. पण डोळ्यांनी न पाहिलेला आकडा या माणसाच्या तोंडून कधी निघाला नाही. त्याचा आम्हाला कधी अभिमान वाटायचा, बहुतेक वेळा राग यायचा. कारण वर्ष सरत चाललं होतं.

शेवटी एकदाचा मुंबईहून फोन आला. मी घेतला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. म्हणाला, "रिपोर्ट मिळाला. बाकी ठीक आहे. फक्त ते 'माहीत नाही' कुठल्या युनिटमध्ये आहे, ते लिहायचं राहिलंय."

* * *

दरम्यान विलासचं जमलं. म्हणजे मनातल्या मनात. मुलगी पेणजवळच्या जोह्याची, सुनंदा. तिच्या वडिलांचा, नानांचा, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी सुनंदा करायची. पेणच्या एसटी स्टँडवर कुणाच्या तरी ओळखीने दोघं बोलली होती.

"तिनं इचारलं, काय काम करता? मी सगला सांगला," विलास म्हणाला. "ऐकून हसली नाय अशी ती एकलीच."

यावर आम्हीसुद्धा हसलो नाही. गणपती उरकून कारखान्याच्या फळ्या रिकाम्या झाल्या, तसे एका रविवारी मी आणि काका बोलणी करायला जोह्याला गेलो. नाना मांडी घालून बसलेले, आतल्या दाराशी सुनंदा.

"पोरगा काय बनवतो?" नानांनी विचारलं.

"बनवत नाय, मोजतो," काका म्हणाले. "दाब. काचंच्या आतला."

"दिसाला माल किती निघतो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चमचाभर."

"तो चमचा मुंबईला जातो?"

"नाही. मोरीत ओततो."

नाना म्हणाले, "येवढी मोठी कंपनी. भोंगा पार कोलाडच्या वाटंवर ऐकू येतो. आन् माल चमचाभर. तो पन मोरीत." मग त्यांनी सरळच सांगितलं. अलिबागकडून एक स्थळ आलंय, एसटीत कंडक्टर, पक्की नोकरी. त्यांना दसऱ्यानंतर होकार कळवायचाय. "तुमचा पोरगा परमनंट आसंल तर मना काय हरकत नाय. पोरीचं मन कुटं हाय ते मना दिसतं. पन टेंपररीला मी पोर देनार नाय."

आतून सुनंदाची आई म्हणाली, "चहा घे गो, बाहेर ने." सुनंदा कप घेऊन आली आणि काकांच्या कानाशी हळूच म्हणाली, "दसऱ्याला किती दिस ऱ्हायले, त्यांना सांगा."

आम्ही परत आल्यावर विलासने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मोरीचं कशाला सांगलंत?"

* * *

आणि अखेर दाब सापडला. साहेबांनी युक्ती काढली ती अशी. काही पट्ट्यांत मुख्य वाटेला फुटलेला एक बंद बोळ होता. औषध वाटेतून जाताना थोडं त्या बोळात घुसतं आणि तिथली कोंडलेली हवा मागे रेटतं. दाब जेवढा जास्त, तेवढी हवा दबलेली. मायक्रोस्कोपमधून बघायचं, हवा किती मागे सरली, की झाला दाब. गेज नको, काटा नको. विलासची नजर त्यात अशी बसली की साहेबही त्याच्या रीडिंगवर दुसऱ्यांदा बघत नसत. आकडे रोज जुळायला लागले.

फक्त तोवर बाकीच्या पट्ट्या संपल्या होत्या. एक काकांनी टिचकावलेली, काही जास्त दाबाने तडकलेल्या, काही धुळीच्या कणाने बुजलेल्या. बोळ असलेली एकच पट्टी शिल्लक होती. तिच्यात चार वेळा गाळल्याखेरीज पाणीसुद्धा साहेब घालू देत नसत. कण अडकला की वाट कायमची बंद. डायरेक्टर दसरा झाल्यावर लगेच येणार होते. ही पट्टी त्यांच्यासमोर चालली की त्याच दिवशी विलासच्या परमनंटच्या कागदावर डायरेक्टरांची सही, असं साहेबांनी स्वतः त्याला सांगितलं होतं. दसऱ्याच्या आत सही होत नाही, तर मी नानांच्या हातापाया पडून दोन दिवस मागून घेईन, असं काका म्हणत होते.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होते. सगळं बंद, झेंडूच्या माळा, आणि त्या दिवशी घरच्या माणसांना आत येऊन बघायची मुभा. नाना सुनंदाला घेऊन आले. प्लांट बघायला आलो, म्हणाले. काकांनी आमच्या खोलीत पंपाला माळ घातली, मायक्रोस्कोपला घातली, साहेबांच्या खुर्चीलाही घातली. साहेब शेजारच्या पूजेला गेले होते. काकांना उत्साह आवरेना. "गो पोरी, कुंकू तूच लाव. आता तू घरचीच."

सुनंदाने पंपाला कुंकू लावलं, मायक्रोस्कोपला लावलं. मग तिला भिंगाखाली ती पट्टी दिसली. काचेवर कोरडं कुंकू बसेना, घसरायला लागलं. तशी तिने ते तळहातावर पाण्यात कालवलं, रंग कालवतात तसं, आणि बोटाच्या टोकाने पट्टीच्या कडेच्या, औषध आत जायच्या बारीक भोकावर नेमका एक टिळा ठेवला. का तिथेच, असं मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, "तितं डोला वाटला."

विलास दारातून आत येत होता. तो थबकला.

टिळ्याचा लाल रंग भोकात शिरला. पंपाला माळ, पंप बंद, कुणी काही ढकलत नाही; आणि लाल धागा आपला आपण वाटेत चालायला लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. वर्षभर भिंगाशिवाय जी वाट आम्हाला कधी दिसली नव्हती, ती सगळी साध्या डोळ्यांना दिसायला लागली. लाल, वळणावळणाची, पार शेवटपर्यंत. आणि तोंडाशी कुंकवाची पूड घट्ट बसत होती. त्या पट्टीतून आता थेंबही जाणार नव्हता. हे मला कळलं, काकांना कळलं, आणि विलासला तर आमच्या आधी कळलं. त्याने तोंड उघडलं. सुनंदा त्याच्याकडे बघून हसली. त्याने तोंड मिटलं. मला त्या क्षणी त्याच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी खिडकीकडे तोंड केलं.

तेवढ्यात साहेब प्रसादाचा द्रोण घेऊन दारात उभे राहिले.

नाना हात पाठीमागे बांधून पट्टीवर वाकले होते, तयार मूर्ती बघावी तसे. बराच वेळ बघितलं. "येवढीशी जागा. येवढी बारीक रेघ." मग विलासकडे मान वळवून, "हे तू बघतोस रोज?"

"व्हय," विलास म्हणाला.

नाना सरळ झाले आणि दाराकडे वळले. "साहेब, तुमी मोठी मानसं. तुमी खोटं बोलत नाय, आसं ही सगली सांगतात. तुमीच सांगा. पोरगा परमनंट हाय का?"

साहेबांनी द्रोण टेबलावर ठेवला. पट्टीजवळ आले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्या लाल रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग तोंडाशी साचलेलं कुंकू पाहिलं. मग सुनंदाकडे, मग विलासकडे.

"आज सकाळपासून," साहेब म्हणाले.